कडेपासून पाच फूट

खणणाऱ्या लोकांना शिकवायचं काम नकाशेबाईच्या गळ्यात पडलं, ते ती बैठकीत गप्प बसली म्हणून. साहेबांनी सगळ्यांकडे बघून विचारलं होतं, "कुणाची हरकत?" तेव्हा ती मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होती. हरकत नाही म्हणजे होकार, असं टिपणात लिहिलं गेलं आणि दहा दिवसांनी तिच्या टेबलावर पत्र येऊन पडलं. रस्ता खणण्याआधी जमिनीखालचे नळ आणि विजेच्या केबली कशा शोधायच्या, हे आपण कामगारांना शिकवावं.

नकाशेबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण रस्तेखात्याच्या त्या कार्यालयात ती सोळा वर्षं नकाशांच्या खोलीत बसत होती आणि खऱ्या नावाची कुणाला गरज पडली नव्हती. तिच्याआधी त्याच खोलीत, त्याच खिडकीशी तिचे वडील बसायचे. शहरातल्या रस्त्यांच्या पोटात काय काय आहे, ते त्यांनी तीस वर्षं हाताने कागदावर उतरवलं होतं. तिने ते पुढे कॉम्प्युटरवर चढवलं. कुठला नळ कुठे वळतो हे तिला तोंडपाठ होतं. खड्ड्यात मात्र तिने कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

शिकवण्याची ही टूम निघाली त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयासमोर खणताना एका कामगाराची पहार विजेच्या केबलीत घुसली. भडका उडाला. माणूस वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं कायमची आखडली. चौकशी झाली, अहवाल आला. मग बाहेरून एक तज्ज्ञ आणला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, प्रत्येकाला एकेक टोपी दिली आणि तो गेला. टोप्या चांगल्या होत्या. खणणं पहिल्यासारखंच चालू राहिलं.

नकाशेबाईला आधी आठवडाभर बाहेर पाठवून नीट शिकवून आणलं. येताना तिच्यासोबत एक यंत्र आलं. लांब दांड्याचं, खाली चपटं, धरून चाललं की जमिनीखालच्या चालू केबलीवर गुणगुणणारं. ते तिने घरी दोनदा पुसलं आणि सोमवारी सकाळी गोदामात वर्ग भरला.

नऊ जण होते. नळांच्या गुंडाळ्यांवर, सिमेंटच्या रिकाम्या पिंपांवर, जिथे टेकता येईल तिथे बसले होते. मधोमध मुकादम. तीस वर्षं या कामात काढलेला, आडवा बांधा, पांढऱ्या मिशा. सगळी टोळी त्याला दादा म्हणायची. तिने वहीतून वाचायला सुरुवात केली. "पहिली पायरी, नकाशे मिळवणे. दुसरी पायरी, जागेची पाहणी करणे." चौथ्या पायरीवर कुणीतरी घोरायला लागलं. सहावीवर मुकादमाने हात वर केला.

"बाई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"कुदळ धरलीय का कधी हातात?"

गोदामात खसखस पिकली. घोरणाराही जागा झाला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण खोटं बोलायचं सुचलं नाही.

"नाही धरली," ती म्हणाली. "उद्या शिकवाल?"

मुकादमाला हे उत्तर अपेक्षित नसावं. त्याने मिशीवरून बोट फिरवलं. "चपला नका घालून येऊ मग," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती जुने बूट घालून आली आणि गोदामामागच्या मोकळ्या जागेत मुकादमाने तिला खणायला शिकवलं. दांडा आवळायचा नाही. कुदळीला तिच्या वजनाने पडू द्यायचं, आपण फक्त रस्ता दाखवायचा. तासाभरात तिच्या तळहाताला दोन फोड आले आणि गुडघाभर खड्डा झाला. मग तो खड्ड्याशी उकिडवा बसून सांगू लागला. एकदा खणलेली माती कधीच पहिल्यासारखी बसत नाही. ती भुसभुशीत राहते, तिचा रंग गढूळ असतो. एकाएकी वाळू लागली तर खाली कुणीतरी काहीतरी जपून ठेवलंय असं समजायचं. आडवी वीट लागली तर हात तिथल्या तिथे थांबवायचा, कारण विटा केबलीवर झाकण म्हणून घालतात. ती फोड सांभाळत भराभर लिहून घेत होती.

मुकादम तिच्या वहीकडे बघत राहिला. "माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "एक जबाब सोडला तर."

कसला जबाब, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून वर्गाला जीव आला. तिने वही बाजूला ठेवली आणि यंत्र हातोहात फिरू लागलं. गोदामातल्या दिव्यांची केबल कुठून आत येते, ते प्रत्येकाने शोधून जमिनीवर खडूने रेघ मारायची. ती सांगायची, एकदा उभं चाला, एकदा आडवं चाला. आवाज आला की लगेच विश्वास ठेवू नका. आवाज नाही आला तर त्याहून ठेवू नका. प्लॅस्टिकच्या नळाला हे यंत्र मुकं असतं, आणि वीज खेळत नसेल तर केबलीलाही. रेघ मारून झाली तरी लगेच खणायचं मशीन लावायचं नाही. आधी हाताने, बोथट फावड्याने, अंदाज घेत छोटा खड्डा करायचा आणि वस्तू डोळ्यांनी बघायची.

सगळ्यांत तरबेज निघाला तो डावरा. टोळीत त्याला सगळे याच नावाने हाक मारायचे. चाळिशीचा, बारीक अंगाचा, कडेला बसणारा, विचारल्याशिवाय न बोलणारा. यंत्र डाव्या हातात धरून तो असा चालायचा की जणू झोपलेल्या लेकराजवळून जातोय. यंत्रावरच्या काट्याकडे बघायचाच नाही. गुणगुण कुठे किंचित उतरली हे त्याला कानाने कळायचं. त्याची रेघ बोटभरही चुकली नाही.

"जन्माचे डावरे आहात की काय?" तिने एकदा सहज विचारलं.

"नाही मॅडम," तो म्हणाला आणि यंत्र पुढच्याच्या हातात दिलं.

शुक्रवारी तिने जाहीर केलं, आता रस्त्यावर जाऊ. ग्रंथालयाशेजारच्या दवाखान्याला पाण्याची नवी जोडणी द्यायचीय. तिथेच सोमवारी खरं काम करत शिकू. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की कुणी तिच्याकडे बघत नाहीये. सगळे जमिनीकडे बघत होते.

"तिथे नको, बाई," मुकादम म्हणाला. "दुसरी जागा बघा."

"का?"

मग डावऱ्याने उजवा हात खिशातून काढला आणि मांडीवर ठेवला. इतक्या दिवसांत तो हात तिने पाहिलाच नव्हता. तीन बोटं तळहाताकडे वळून घट्ट झाली होती, त्वचा चकचकीत, ताणलेली. अहवालात तिने एक नाव वाचलं होतं. त्या नावाला हा चेहरा आहे, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

"तिथेच जाऊ," डावरा म्हणाला. "मला एकदा बघायचंच होतं."

सोमवारी ते ग्रंथालयासमोर जमले. फुटपाथ कोरडा होता, वर्दळ कमी होती. तिने नकाशा उलगडला. वडिलांच्या हातचा मूळ कागद, बारीक सरळ अक्षर, कुठे खाडाखोड नाही. "हा माझ्या वडिलांनी काढलाय," तिने जरा अभिमानानेच सांगितलं. विजेची केबल फुटपाथच्या कडेपासून पाच फूट आत, रस्त्याला समांतर. तिने टेपने कडेपासून पाच फूट मोजले आणि तांबड्या रंगाची रेघ मारली.

"आता यंत्राने ताडून बघा."

डावरा रेघेवरून चालला. यंत्र गप्प. पुन्हा चालला. गप्प. मग तो हळूहळू रस्त्याकडे सरकू लागला आणि कडेच्या दगडाजवळ आल्यावर गुणगुण सुरू झाली. तिने यंत्र हातात घेतलं, बटणं तपासली, स्वतः चालून पाहिलं. उभं, आडवं. केबल कडेपासून जेमतेम एक फुटावर होती.

"यंत्र बिघडलंय बहुतेक," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच पटला नाही.

"यंत्र ठीक आहे, बाई." मुकादम पुढे आला. त्याने टोपी काढून हातात धरली होती. "त्या दिवशी मी हाच कागद बघितला होता. नवीन साहेब आले होते, म्हणाले, अंदाजपंचे काम बंद, नकाशा बघून खणा. मी बघितला. पाच फूट आत केबल. म्हणून ह्याला कडेशी उभा केला आणि म्हटलं, इथे काही नाही, बिनधास्त मार पहार."

मुकादम डावऱ्याकडे न बघता बोलत होता.

"चौकशीत मला विचारलं, नकाशावर केबल दाखवली होती का? मी म्हटलं, होती. पुढचं विचारलंच नाही त्यांनी. मीही बोललो नाही. निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांनी लिहून टाकलं, नकाशा न बघता खणलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मी सही केली."

"दादा," डावरा शांतपणे म्हणाला, "तुम्ही कागद बघितला होता, हे मला माहीत होतं."

मुकादमाने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. नकाशेबाईला आपण तिथे उभ्या आहोत याचीच लाज वाटू लागली. कारण तिलाही काहीतरी आठवलं होतं. चौकशीच्या वेळी वरून एक छापील कागद आला होता आणि तिने तो दोन मिनिटांत भरून दिला होता. "सदर नकाशा अभिलेखाप्रमाणे बरोबर आहे." खाली सही, तारीख, शिक्का. खिडकीतून दिसणाऱ्या अंतरावर ग्रंथालय होतं. तिथवर चालत जाऊन बघावं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

हे तिला त्यांच्यासमोर बोलता आलं नाही. "खणायचं उद्या," म्हणून तिने काम थांबवलं.

घरी पोचली तेव्हा वडील शर्टांना इस्त्री करत होते. आई गेल्यापासून स्वतःचे शर्ट ते स्वतःच करायचे, कॉलरपासून सुरुवात करून. तिने पिशवीही खाली ठेवली नाही.

"बाबा, ग्रंथालयासमोरची केबल कडेपासून पाच फूट आत आहे ना?"

"पाच फूट. तो कागद मला डोळ्यांसमोर दिसतोय."

"एक फुटावर निघाली."

वडील हसले. "कुठल्या कडेपासून मोजलंस?"

"कड एकच आहे, बाबा."

"आता एकच आहे," ते म्हणाले. "मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी तो रस्ता रुंद केला. फुटपाथ चार फूट कापला. कड आत सरकली." बोलता बोलता त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी इस्त्री उभी केली. "म्हणजे कागदावर पाच तसेच राहिले."

"कडेपासून मोजायचं असा नियम होता?"

खोलीत तापलेल्या कापडाचा वास भरला होता.

"नियम होता, न हलणाऱ्या गोष्टीपासून मोजायचं," ते म्हणाले. "ग्रंथालयाची भिंत होती की समोर. पण भिंत लांब, आणि त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला माणूस आला नव्हता. ऊन मी म्हणत होतं. म्हटलं, कड काय कुठे पळून जातेय." त्यांनी इस्त्रीची पिन काढली. "तुला आजवर अर्ध्या इंचावरून बोललोय मी."

"बोललात."

"कुणाला लागलं का?"

तिने सांगितलं. हाताबद्दल सांगितलं, अहवालाबद्दल सांगितलं आणि स्वतःच्या सहीबद्दलही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अर्धवट इस्त्री झालेला शर्ट तसाच खुर्चीवर टाकून गॅलरीत जाऊन बसले. जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा आले आणि भात चिवडून उठले.

सकाळी तिने टोळीला गोळा केलं आणि सांगून टाकलं. चूक कशी झाली, कुणाची, आणि कागदावर खातरजमेची सही कुणाची होती. पाठ केल्यासारखं न अडखळता बोलायचं तिने ठरवलं होतं, पण सहीपाशी अडखळलीच. डावऱ्याने ऐकून घेतलं. कपाळाला आठी नाही, काही नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "केबल उघडायची राहिलीय अजून."

मग त्यांनी तिने शिकवलं तसंच खणलं. पहार कुणी गाडीतून काढलीच नाही. वरच्या फरशा सुट्या करून बाजूला घेतल्या आणि बोथट फावड्याने माती अलगद ओढत गेले. दोन फुटांवर वाळू लागली, मग आडवी वीट. मुकादमाने हात वर केला, सगळे थांबले. वीट उचलली. खाली काळी केबल होती आणि तिच्यावर जोड दिल्याचं जाड वेष्टन. त्या दिवशी फुटली होती ती हीच जागा.

डावरा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून बघत राहिला.

"एवढीशी आहे," तो म्हणाला. "मला वाटायचं, मांडीएवढी असेल."

त्याच आठवड्यात ती साहेबांकडे गेली. साहेबांनी तिचं टिपण वरवर चाळलं आणि चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला वरून येणाऱ्या फोनची भीती होती.

"मिटलेलं प्रकरण कशाला उकरून काढताय, बाई?"

"उकरायचं शिकवायलाच नेमलंय तुम्ही मला, साहेब."

साहेबांना हसू आलं आणि ते हसले हीच त्यांची चूक झाली. कारण त्यानंतर नाही म्हणणं त्यांना जड गेलं. "नीट पुरावा जोडा," म्हणाले. "मापं, जबाब, सगळं. वरून काय येईल ते येईल."

जबाब मुकादमाने दिला. दोन पानं, स्वतः सांगितलेला, तिच्या अक्षरात लिहिलेला. या वेळी पुढचं कुणी विचारायची त्याने वाट बघितली नाही. मापासाठी वडील स्वतः आले, रविवारी सकाळी, कडक इस्त्रीच्या शर्टात. टेपचं दुसरं टोक धरायला कोण येईल असं तिने टोळीला विचारलं होतं. डावरा आला.

दोघांची गाठ पडली तेव्हा ती जरा लांबच थांबली. वडील त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांना हात पुढे करायचा होता, पण कुठला करावा हे कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही हात खाली सोडले.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "भिंतीपर्यंत जायचा कंटाळा केला मी."

डावरा टेपचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत उभा राहिला.

"तुम्ही कडेपासून मोजलंत," तो म्हणाला. "दादांनी कागद बघितला. मॅडमनी सही केली. मी पहार मारली. चौघं होतो आपण. अहवालात मी एकटाच होतो."

वडिलांनी मान हलवली. मग डावरा भिंतीशी गेला, टेपचं टोक दगडाला टेकवून धरलं आणि म्हणाला, "घ्या, बाबा. आता मोजा." वडिलांनी मोजलं. तीनदा मोजलं. आणि आकडा लिहिताना कुठून मोजलं तेही लिहिलं, पूर्ण वाक्यात.

वरचं उत्तर यायला तीन महिने लागले. दरम्यान बापलेकीने रात्रीची जेवणं लवकर उरकून जुने कागद काढायला सुरुवात केली. जिथे जिथे रस्ता रुंद झाला होता आणि माप कडेपासून होतं, असे एकेचाळीस कागद निघाले. वडील प्रत्येकावर बोट ठेवून आठवून सांगायचे आणि टोळी दिवसा जाऊन यंत्राने ताडून यायची. काही बरोबर निघाले. सात नाही निघाले. त्यातल्या एका ठिकाणी पुढच्याच महिन्यात खणायचं ठरलेलं होतं.

उत्तर आलं ते एका परिच्छेदाचं. कामगाराच्या सेवापुस्तकातला निष्काळजीपणाचा शेरा रद्द करण्यात येत आहे. अपघात अभिलेखातील मापाचा आधारबिंदू स्थलांतरित झाल्याने घडला.

मुकादमाने ते वाचून घेतलं आणि डोकं खाजवलं. "म्हणजे माणसांपैकी कुणी चुकलंच नाही? आधारबिंदूच चुकला?"

"असंच दिसतंय."

"भला माणूस दिसतोय आधारबिंदू. सगळं अंगावर घेतलं."

टोळी हसली. नकाशेबाईलाही हसू आलं, पण तिचं लक्ष डावऱ्याकडे होतं. त्याने कागद उजेडाकडे धरून दोनदा वाचला. ओठ हलत होते.

"याची एक प्रत मिळेल, मॅडम?"

"हीच तुमची आहे. अजून हवी?"

"घरी द्यायला." तो जरा घुटमळला. "त्या दिवशी मुलीची सायकल आणायला लवकर निघायचं होतं मला. त्या घाईत मी पहार मारली, असं बायको धरून बसलीय. बोलून दाखवत नाही. पण सायकल नंतर घरी आली तरी मुलीने ती कधी चालवली नाही. आणि खरं सांगू, दोन वर्षं तेच तेच ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की मी घाईच केली असेल."

तिने झेरॉक्सचं यंत्र चालू केलं. ते तापायला वेळ घेई. दोघं त्याच्यापाशी उभे राहिले. प्रत निघाली, कोमट. त्याने ती डाव्या हाताने घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला आला. नवी तुकडी यायची होती आणि यंत्र शिकवायचं काम आता त्याच्याकडे होतं. ती त्याला एकटा गाठायची वाट बघत होती.

"दाखवलंत?"

"दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

तो यंत्राची बॅटरी बसवत होता. बसली तेव्हा त्याने झाकण लावलं.

"मोठ्याने वाचलं, मुलीला ऐकू जाईल असं. मग मला म्हणाली, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मग?"

"म्हटलं, चूक घाईची नव्हती हे मला तरी कुठे माहीत होतं."

बाहेर नव्या तुकडीचे लोक गोदामाच्या दाराशी येऊन थांबले होते. त्याने यंत्र उचललं आणि त्यांना आत या म्हणाला.